कुरकुंभहून आणलेलं कार्ड

माझ्या आईला फोन लावता येत नाही, पण आलेला फोन ती घेते. हिरवं बटण दाबायचं, कानाला लावायचं आणि विचारलं की समोर काय दिसतं ते सांगायचं, एवढं तिच्या अंगवळणी पडलं आहे. बाकीचं बरंच निसटून गेलं. मी कोण, हे तिला सकाळी आठवतं आणि दुपारी आठवत नाही.

शिरूरच्या बाहेर न्हावऱ्याच्या रस्त्याला आमची वस्ती आहे. आई कधीही उठून चालायला लागते, म्हणून बायकोने तिच्या गळ्यात कापडी पिशवी अडकवली आणि त्यात साधा बटणांचा फोन ठेवला. ती घरात दिसली नाही की आम्ही फोन लावतो.

"आई, समोर काय दिसतंय?"

"लाल गाड्या."

म्हणजे एसटी डेपो. "कांद्याच्या गोण्या" म्हणजे मार्केट यार्ड. "पानी" म्हणजे घोडनदीचा पूल. कोणीतरी जाऊन तिला घेऊन यायचं. या प्रश्नावर आमचं घर चाललं होतं.

आणि हा फोन चालू ठेवणं हीच माझी नोकरी आहे. एका टेलिफोन कंपनीच्या शिरूर केंद्रावर मी देखभालीचं काम करतो. आजूबाजूच्या गावांतले आमचे बावीस टॉवर केबलने माझ्या केंद्रातल्या एका कपाटाला जोडलेले आहेत. त्या कपाटात पुस्तकांसारखी उभी कार्डं बसतात. त्यातलं स्विच कार्ड सर्वांत महत्त्वाचं. कुठून आलेलं बोलणं कुठे पाठवायचं हे ते ठरवतं. ते गेलं तर बाकीची कार्डं दिवे लावून नुसती बसून राहतात. म्हणून कंपनी दोन स्विच कार्डं देते: एक कामाला, दुसरं तयारीत. पहिलं गेलं की दुसऱ्याने सूत्रं घ्यायची.

हे झालं कागदावर. आमच्या भागात पद्धत वेगळी पडली आहे. नवं कार्ड लवकर मिळत नाही, म्हणून शिरूर, दौंड आणि कुरकुंभ या तीन केंद्रांवरचे आम्ही लोक कार्डं हातउसनी देतो, शेजारी विरजण मागावं तशी. आणि कार्ड दिलं की कपाटात जी फट पडते, तिच्यातून धूळ जाते, पाली शिरतात, पंख्याची हवा भलतीकडे वळते. म्हणून त्या फटीत आम्ही एखादं मेलेलं कार्ड सरकवून ठेवतो. जागा रिकामी नको. कपाट भरलेलं दिसतं, तपासणीला आलेला साहेबही भरलेलं कपाट बघून खूश होतो. माझ्या कपाटातलं दुसरं कार्ड असंच मेलेलं होतं. मला त्याची चिंता नव्हती, कारण दौंडला दोन होती. दौंडचं दुसरं ते माझंही दुसरं, असा माझा हिशेब होता.

ऊसतोड जोरात चालू होती त्या दिवसांत एका सकाळी माझं चालू कार्ड गेलं. लाल दिवा लागला, तो हलेना. बंद करून पाहिलं, काढून परत बसवून पाहिलं. बावीसच्या बावीस टॉवर मुके झाले. समोरच्या चहावाल्याकडे दुसऱ्या कंपनीचा फोन होता, त्यावरून पुण्याच्या कंट्रोल रूमला कळवलं. ते म्हणाले, स्टोअरमधून उद्या येईल, तोवर दौंडचं आणा, तिथे दोन आहेत.

त्याच फोनवरून दौंड केंद्रावरच्या माझ्या जोडीदाराला फोन केला. तो मोकळा, थट्टेखोर माणूस. "ये की," तो म्हणाला. "शिरूरकरांना आमची आठवण फक्त काही मेल्यावरच येती. ये, करू कायतरी."

'करू कायतरी' यातलं 'कायतरी' मी ऐकायला हवं होतं. आमच्याकडे फोनवर कोणी नाही म्हणत नाही.

ड्रायव्हर रजेवर होता. कंपनीची गाडी मीच काढली. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रेलर, मोठ्याने लावलेली गाणी, आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. भीमेचा पूल ओलांडला की दौंडकडचे टॉवर लागतात आणि माझा फोन जागा होतो. तसा तो झाला आणि लगेच वाजला. नंबर आमच्या शेजारच्या आप्पांचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा होता, पण बोलत होती बायको.

"अहो, आत्याबाई घरात नाहीत."

"कधीपासून?"

"मी धुणं घालून आले तर बाज रिकामी. आप्पा डेपोवर जाऊन आले. यार्डात माणूस पाठवलाय. पुलावर पण न्हाईत. फोन लावला तर लागतच नाही. कंपनीचाच फोन बंद पडलाय म्हणतात सगळे."

मी गाडी कडेला घेतली. आईच्या फोनमध्ये सिम आमच्याच कंपनीचं होतं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना ते फुकट मिळतं.

"मी परत येतो," मी म्हणालो.

"येऊन काय करणार?" तिचा आवाज चढला. "इथं दहा माणसं फिरतायत, अकरावे तुम्ही. त्यांचा फोन वाजवायचा कोणी? तुमच्याशिवाय आहे का कोणी? दिवस मावळायच्या आत तेवढं करा."

दिवस मावळायच्या आत, असं ती का म्हणाली हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. ऊस तोडला जातो तसा त्यातला बिबट्या बाहेर पडतो. आमच्या वस्तीवरचं एक वासरू त्याच महिन्यात गेलं होतं. वनखात्याने पिंजरा लावला होता, त्यातली शेळी रात्रभर ओरडायची आणि बिबट्या दुसरीकडेच दिसायचा. अंधार पडल्यावर माणसं लघवीलाही जोडीने जात. आणि बिबट्या उभ्या माणसापेक्षा बसलेल्या, वाकलेल्या माणसावर जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आईची पाठ गेली कित्येक वर्षं वाकलेली आहे.

पुढचा सगळा रस्ता मी एकच गणित केलं. आई ताशी अडीच किलोमीटर चालते, थांबत थांबत दोन धरू. म्हणजे घराभोवती एक वर्तुळ. पण दर तासाला त्रिज्या वाढते आणि क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. दोन तासांत चौपट, तीन तासांत नऊपट. माणसं मात्र दहाच. हे गणित मी चौफुल्यापर्यंत केलं, पाटसला परत केलं, आणि दरवेळी उत्तर वाईट आलं.

दौंडच्या केंद्रात जोडीदार दारातच उभा होता. मी सरळ कपाटाशी गेलो. पहिल्या कार्डाचा हिरवा दिवा पेटलेला. दुसऱ्याचा दिवा बंद. झोपलेलं कार्डसुद्धा दिवा मिचकावतं. हे मिचकावत नव्हतं.

"हे मेलंय," मी म्हणालो.

"व्हय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जागा रिकामी नको म्हणून घातलंय. चांगलं होतं ते कवाच कुरकुंभला दिलं. तू यायच्या आत आणून ठेवणार होतो, पन तिथला चावीवाला फोन उचलंना."

"मग सकाळी सांगायचं की."

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

मी त्याला आईचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. पण तोवर मी मनगटाला पट्टा बांधला होता. कार्डाला हात लावण्याआधी अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून तो बांधतात. माझा हात पहिल्या कार्डाच्या खटक्यावर होता, ज्याचा दिवा हिरवा होता त्या. दोन स्क्रू, दोन खटके, आणि ते बाहेर आलं असतं. दौंड मुकं झालं असतं आणि शिरूर बोलतं. मला तेव्हा त्यात काहीच चूक वाटत नव्हती, हे मी खरं ते सांगतो.

त्याने माझा हात धरला नाही. बाजूला उभा राहून एवढंच म्हणाला, "इथं पन म्हाताऱ्या हायत रं."

मी खटका सोडला.

"कुरकुंभला चल," तो म्हणाला. "चावी नसली तर दार मोडू. माझ्या नावावर."

दार मोडावं लागलं नाही. कुरकुंभचं केंद्र औद्योगिक वसाहतीच्या आत आहे, औषधांच्या कारखान्यांच्या वासात. तिथला पहारेकरी उत्तरेकडचा. चावी त्याच्या खिशातच होती, पण साहेबांच्या परवानगीशिवाय तो देईना. "नौकरी चली जाएगी, साहब."

"तुम्हारी माँ कहाँ है, भैया?" जोडीदाराने विचारलं.

"गाँव में."

"फोन लगता है?"

"रोज लगता है."

"इसका नहीं लग रहा."

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने चावी दिली आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला, म्हणजे त्याने काही पाहिलं नाही.

तिथलं दुसरं कार्ड दिवा मिचकावत होतं. जिवंत. मी ते हळूच रुळांवरून ओढून घेतलं, चंदेरी पिशवीत घातलं, खोक्यात ठेवलं. मागे वळून पाहतो तर जोडीदार दौंडहून बरोबर आणलेलं मेलेलं कार्ड त्या फटीत सरकवायला लागला होता. इतक्या घाईतही त्याने ते आठवणीने आणलं होतं.

"पुठ्ठा लाव," मी म्हणालो.

"अं?"

"पुठ्ठा लाव त्या जागी. आणि वर मोठ्या अक्षरात लिही, इथं कार्ड नाही."

त्याने मेलेलं कार्ड काखेत धरलं आणि खोक्याचं झाकण फाडलं.

परतीचा रस्ता मला सलग आठवत नाही. आप्पांचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा 'न्हाई अजून' एवढंच. पूल ओलांडल्यावर फोन गप्प झाला. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आईचं हिरवं लुगडं शोधत होतो. तोडलेल्या रानात बायका मोळ्या बांधत होत्या, त्यांतल्या तिघींची लुगडी हिरवी निघाली. दरवेळी गाडी हळू केली, दरवेळी चेहरा कोवळा निघाला. सूर्य डाव्या बाजूला खाली आला होता आणि माझ्या पुढे उसाचे ट्रेलर डुलत चालले होते. मी हॉर्न दाबून धरला. ट्रॅक्टरवाल्याने हात बाहेर काढून मला 'उडून जा' अशी खूण केली.

वस्तीपाशी बायको रस्त्यातच उभी होती. मी काच खाली केली.

"सापडली?"

"न्हाई. थांबू नका, जा."

"शाल घेतलीय का तिनं?"

"जा म्हणते ना!"

केंद्रात पोचलो तेव्हा खिडकीतून येणारं ऊन पिवळं पडलं होतं. मनगटाला पट्टा बांधला. गेलेलं कार्ड काढलं, कुरकुंभचं रुळांवर ठेवलं, आत सारलं. खटका बसल्याचा आवाज आला. लाल दिवा. कार्ड जागं होताना आधी लाल असतो, मग पिवळा, मग हिरवा, हे मला माहीत आहे. पण लाल दिवा असा किती वेळ बघत बसायचा? देवळात बसतात तसा मी हात जोडून बसलो नाही, मला ते जमत नाही. मी लॅपटॉप जोडून तयार ठेवला. कार्ड कुरकुंभचं होतं, त्याच्या डोक्यात कुरकुंभची वाटणी होती. त्याला शिरूरचे बावीस टॉवर शिकवावे लागणार होते. ती मांडणी मी लॅपटॉपवर जपून ठेवलेली होती. दिवा पिवळा झाल्यावर ती चढवली. मग हिरवा.

पडद्यावर बावीस नावं लाल होती. टॉवर एकदम परत येत नाहीत, एकेक करून येतात. शिरूर शहरातला पहिला हिरवा झाला. मी माझ्या फोनवरून आईचा नंबर लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. मार्केट यार्डाजवळचा हिरवा झाला. फोन लावला. बाहेर. पुलाजवळचा, मग आमच्या वस्तीवरचा. बाहेर, बाहेर. म्हणजे माझ्या वर्तुळातले सगळे टॉवर चालू झाले होते आणि आई त्यांतल्या एकाच्याही सावलीत नव्हती. मी तिचा नंबर लावत होतो आणि ती यंत्रातली बाई त्याच शांत आवाजात तेच सांगत होती. एकदा मनात आलं की पिशवीतला फोनच पडला असेल. एकदा त्याहून वाईट मनात आलं.

मग बराच वेळ कुठलाच टॉवर येईना. मग न्हावऱ्याकडचे दोन आले. बाहेर. मग कालव्याजवळचा टॉवर हिरवा झाला. मी सवयीने नंबर लावला आणि घंटी वाजली.

कालव्याजवळचा. ती अजून फोन उचलायची होती, पण मला कळलं होतं. मघाशी जे मिळत नव्हतं आणि आत्ता मिळालं, ते मधे चालू झालेल्या एकाच टॉवरमुळे. आई तिथे होती. माझ्या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर. तिथवर ती चालत जाऊच शकत नव्हती. (ती चालत गेलीच नव्हती, हे नंतर कळलं. आमच्या वस्तीसमोर थांबलेल्या उसाच्या रिकाम्या ट्रेलरला तिने हात केला आणि बीडकडच्या तोडणीवाल्यांनी म्हातारीला फडावर जायचंय असं समजून वर घेतलं. गणितात मी ट्रॅक्टर धरला नव्हता.)

केंद्राच्या टेबलावरचा फोन आता चालू झाला होता. एका कानाला माझा मोबाईल आणि दुसऱ्या हाताने टेबलावरून बायकोला फोन लावला. "कालव्याच्या टॉवरजवळ, तोडणी चाललेलं रान बघा. जीप घ्या. टॉर्च आणि काठ्या घ्या. माणसं घेऊन जा." मागे जीप चालू झाल्याचा आवाज आला.

मोबाईलमध्ये आई बोलली. "हां."

"आई, समोर काय दिसतंय?"

"ऊस."

"अजून?"

"ऊसच हाय. निम्मा तोडलाय. माणसं गेली."

"तू कुठं बसलीस?"

"पाण्याच्या चारीच्या कडंला. पाय दुखत्यात." मग ती म्हणाली, "उसात कुत्रं हाय वाटतं. पाचट वाजतंय."

उसाचा वाळला पाला वाजतो तो कोणाच्या तरी पायाखाली. खिडकीबाहेर पिवळं ऊन संपलं होतं.

"आई, उभी राहा."

"न्हाई राहवत. कोन हायेस तू?"

मी काय सांगणार? मी तुझा मुलगा, म्हटलं असतं तर ती वाद घालत बसली असती. दुपारनंतर माझा आवाज तिला परक्याचा वाटतो. "मी टेलिफोनवाला," मी म्हणालो.

"माझा ल्योक बी टेलिफोनात हाय."

"हो का? कसा आहे?"

"कसला कसा? एक नंबरचा आळशी. त्याचा फोन कवा लागतच न्हाई."

"मग त्याला शिव्या घाल. मोठ्याने घाल. मी त्याला ऐकवतो."

"त्यो कुठं ऐकतोय."

"ऐकतो. पण मोठ्याने, म्हातारे. काठी आहे ना हातात? ती आपट आणि बोल. पार शिरूरला ऐकू जाऊ दे."

आणि आई सुरू झाली. मुडद्या म्हणाली, वंगाळ तोंडाच्या म्हणाली, बापावर गेलास म्हणाली. फोन दुरुस्त करतो म्हणून मिरवतोस आन् आईला रानात सोडतोस? येऊ दे घरी, पाठीचं सालटं काढते. पूर्वी मला मिळालेल्या सगळ्या शिव्या ओळीने आल्या, विसरलेल्याही. मधेच तिला दम लागायचा. मी ओरडायचो, "अजून? एवढंच? माझी आई याहून चांगल्या देते." मग तिला चेव यायचा. मी जमिनीवर कपाटाला पाठ लावून बसलो होतो. त्या कार्डाच्या पंख्याची थरथर पाठीला लागत होती. ते गेलं असतं तर आवाज गेला असता. मी उठून कुठे जाऊ शकत नव्हतो आणि तिथे बसून आणखी काही करू शकत नव्हतो.

"पाचट वाजतंय का अजून, आई?"

"गप रं. मला बोलू दे."

खोलीत अंधार झाला होता. फक्त दिव्यांच्या रांगा. मी लाइट लावायलाही उठलो नाही.

मग लांबून जीपचा आवाज आला, फोनमधून. माणसांचा गलका. आप्पांचा आवाज, "ए हुर्रर्र, हाट्!" काठ्या आपटल्याचे आवाज. पाचट जोराने वाजलं, आणि वाजत वाजत लांब गेलं. मग बायको धापा टाकत म्हणाली, "आत्याबाई! अहो आत्याबाई, किती शोधलं तुम्हाला, उठा."

"थांब की," आई तिच्यावर खेकसली. "फोनवर बोलतेय दिसत न्हाई का?"

बायको रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. आई पुन्हा माझ्याशी बोलायला लागली, आता हळू आवाजात.

"टेलिफोनवाल्या, हायेस का?"

"आहे."

"माझा ल्योक भेटला तर त्याला सांग. म्हणावं, शाल घेऊन ये. गारठा लई पडलाय."

मी सांगतो म्हणालो.